गाईला विचारायचं, उत्तर मोजायचं

पहाटे ४.३०

दिवे लावण्याआधी श्वास मोजून घ्यायचे, हा आमचा नेम. दिवा लागला की गाईंना वाटतं धारेची वेळ झाली. त्या उठतात, अंग ताणतात, आणि विसाव्यातला श्वास मग मिळत नाही. लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन मी आणि एम.व्ही.एस्सी.ची विद्यार्थिनी गव्हाणीच्या कडेकडेने जातो. बसलेल्या गाईच्या कुशीवर नजर ठेवायची. कूस वर येऊन खाली गेली की एक. पूर्ण मिनिटभर. ३४. शेजारची ३८. तिसरी रवंथ करतेय. जबडा आणि कूस दोन्ही हलत असले की नजर फसते, म्हणून तिचं मिनिट पुन्हा मोजायचं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कालव्याखालच्या पट्ट्यात आमचं संशोधन प्रक्षेत्र. तीन बाजूंना ऊस, चौथीला डांबरी रस्ता. गाई संकरित होल्स्टिन. त्यांचं निम्म्याहून अधिक रक्त नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीतल्या थंड कुरणांतलं. खिलार किंवा गीर गाईची कातडी सैल, केस आखूड, घाम बरा येतो. आमचं ऊन तिला सोसतं. होल्स्टिनचं तसं नाही. शिवाय जास्त दूध म्हणजे जास्त चारा, आणि जास्त चारा म्हणजे पोटात जास्त उष्णता. ती बाहेर टाकायला तिचा घाम पुरत नाही, मग श्वासाचा वेग वाढतो.

खांबावर दोन तापमापक आहेत, एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा. आत्ता २४ आणि १८.५ अंश. दोन्हींच्या बेरजेला ०.७२ ने गुणायचं आणि त्यात ४०.६ मिळवायचे. येतात ७१.२. या आकड्याला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात, आणि तो ७२च्या वर गेला की दुभत्या गाईवर ताण सुरू होतो असं धरतात. भरपूर दुधाच्या गाईंना तर त्याआधीच. म्हणजे चोवीस तासांतल्या सर्वांत थंड वेळी आमच्या गाई ताणाच्या उंबरठ्यावरच आहेत. लोक दुपारच्या उन्हाचं बोलतात. मला काळजी वाटते ती न निवणाऱ्या रात्रीची, कारण दिवसभर अंगात साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते.

आत्ताचा आमचा प्रयोग याच्यावरच आहे. गाईंचे दोन गट. एकाला रिवाजाप्रमाणे सकाळी मोठी वैरण, दुसऱ्याला तीच वैरण, तेवढीच, पण मोठा वाटा दिवस मावळल्यावर. चारा खाल्ल्यावर काही तासांनी कोटीपोटातल्या, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, आंबण्याची उष्णता चढते. सकाळी आठला खाल्लं तर ती नेमकी दुपारच्या उन्हात येऊन मिळते. गोठ्याचा कारभार पाहणाऱ्या तात्यांना मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचा बा बी उन्हाळ्यात रातच्यालाच वैरण टाकायचा, मॅडम." त्यांच्या वडिलांचं खरं किती आणि कोणत्या गाईला, हे आम्हाला मोजायचं आहे.

५.१५

धारेला सुरुवात. मशीन लावण्याआधी धार काढणाऱ्या मावशी प्रत्येक गाईच्या पाठीवरून, मग मांडीवरून हात फिरवत कासेपर्यंत येतात. एकदम कासेला हात घालत नाहीत. सड धुणं, कोरड्या कापडाने पुसणं, पहिल्या तीन-चार पिळा काळ्या पेल्यात घेऊन गाठी दिसतात का ते पाहणं. एवढ्यात मिनिटभर जातं, आणि ते मिनिट गाईला हवंच असतं. स्पर्शाची खबर मेंदूला लागते, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि पान्हा सुटतो.

१९४१ मध्ये अमेरिकेत इली आणि पीटरसन या संशोधकांनी दूध काढताना गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज केले. कासेत दूध असूनही ते नीट उतरलं नाही. भ्यालेल्या गाईच्या रक्तात ॲड्रिनलिन वाढतं आणि ते पान्ह्याच्या आड येतं. आज असा प्रयोग मला मंजूर करता येणार नाही, पण त्याने दाखवलेली गोष्ट मी प्रत्येक नव्या गड्याला सांगते. गाय पान्हा चोरते म्हणून तिला काठी दाखवली तर ज्या भीतीने पान्हा अडला तीच वाढते. आणि काठीऐवजी सुई उचलली तर तो गुन्हा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं बारावं कलम दूध वाढवण्यासाठी फुंका घालण्याला आणि जनावराला अपायकारक इंजेक्शन देण्याला सरळ मनाई करतं.

आज सात नंबरच्या गाईच्या मागच्या डाव्या सडाचं दूध चाचणीच्या तबकडीत घट्ट झालं. तबकडीला चार वाट्या असतात, प्रत्येक सडाची एक. दुधाइतकंच जांभळं द्रावण ओतून तबकडी गोल फिरवायची. निरोगी दूध पाण्यासारखं फिरतं. दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात असेल तर ते दाटतं, कारण त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. गाय वरून ठणठणीत आहे, कास मऊ आहे, ताप नाही. त्या सडाचं दूध वेगळं काढलं, निर्जंतुक नळीत नमुना घेतला. कोणता जंतू आहे हे कळल्याशिवाय प्रतिजैविक द्यायचं नाही.

धार झालेल्या गाईला बाहेर येताच गव्हाणीत ताजी वैरण दिसली पाहिजे, याबद्दल मी फार आग्रही आहे. सडाचं तोंड धारेनंतर साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय शेणात बसली की जंतूंना वाट मोकळी. खायला मिळालं तर ती उभी राहते. संध्याकाळच्या गटालाही म्हणूनच या वेळी थोडी वैरण दिलेली असते.

६.४५

काल गव्हाणीत उरलेला चारा गोळा करून वजन. दिलेला वजा उरलेला म्हणजे खाल्लेला. ऐकायला सोपं आहे, पण मूरघासात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असतं आणि कडब्यात दहावा हिस्साही नसतं, त्यामुळे ओल्या वजनावर काही बोलता येत नाही. प्रत्येकाचा नमुना ओव्हनमध्ये वाळवून शुष्क वजन काढावं लागतं. उरलेल्यात काय आहे हेही पाहायचं. गाय कुट्टीतलं बारीक वेचून खाते आणि जाड दांडे बाजूला सारते. कागदावर आपण तिला एक आहार दिलेला असतो, तिच्या पोटात दुसराच गेलेला असतो. आज दांडे जास्त आहेत. कडबाकुट्टीच्या पात्याला धार लावायला सांगितली.

८.००

आता चार तास फक्त पाहायचं. बाहेरून आलेल्या माणसाला हे काम वाटत नाही. दोन विद्यार्थी गोठ्याबाहेरच्या मचाणावर, हातात तक्ता, आणि दर दहा मिनिटांनी एक फेर: प्रत्येक गाय त्या क्षणी काय करतेय एवढंच लिहायचं. उभी, बसलेली, खाते, रवंथ, पाणी, दुसरीला चाटणं, दुसरीला ढकलणं. मधल्या वेळात कितीही गंमत झाली तरी ती तक्त्यात जात नाही.

या पद्धतीला शिस्त लावली जीन ऑल्टमन या बाईंनी. केनियातल्या अंबोसेलीत त्या बबून माकडांचा अभ्यास करत. वर्तन टिपायच्या पद्धतींवरचा त्यांचा १९७४चा निबंध मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाचायला लावते. माणसाचा डोळा झटापटीकडे जातो, आवाजाकडे जातो. मनाला येईल तसं टिपत गेलं तर वहीत भांडणंच भरतात आणि गाईचा दिवस हरवतो. कारण गाईच्या दिवसात घडत असतं ते फार शांत असतं. चोवीस तासांत ती सात ते नऊ तास रवंथ करते. एक घास वर येतो, पन्नास-साठ वेळा चावला जातो, गळ्यातून खाली उतरताना दिसतो, दोन-चार सेकंदांत दुसरा वर येतो. आणि ती दहा ते चौदा तास बसते.

हे बसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी गाईंचा खाण्याचा आणि बसण्याचा असा दोन्ही वेळ कमी केला आणि मिळालेला वेळ त्या कशात घालवतात ते पाहिलं. गाईंनी बसणं जपलं, खाण्यातली घट सोसली. आपण गोठ्यात गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो, पोटभर खायला आहे का? ती नीट बसते का, हे कोणी विचारत नाही. कोबा केलेली जमीन, आखूड दावं, पाठीमागे उघडं गटार, अशा जागी गाय तासन् तास उभी राहते आणि मालकाला वाटतं, कशी टवटवीत आहे!

विद्यार्थिनीला मी गाय उठताना पाहायला शिकवते. गाय आधी मागचे पाय सरळ करते. त्यासाठी तिला गुडघ्यांवर भार देऊन डोकं पुढे झोकावं लागतं, आणि त्या झोकाला पुढे मोकळी जागा लागते. दावं आखूड असेल किंवा समोर भिंत असेल तर डोकं पुढे जात नाही. मग ती घोड्यासारखी आधी पुढचे पाय रोवून उठायला लागते. अशी उठणारी गाय दिसली की दुसरं काही तपासायची गरज नाही. तिच्या उठबशीची जागा चुकलेली आहे. आमच्या मोकळ्या अंगणात मऊ माती आहे. तिथे चार नंबरची गाय खाली बसण्याआधी जमीन हुंगते, दोन पावलं फिरते, पुढचे गुडघे टेकवते, मागचा भार एकदम सोडते, आणि मग एक मोठा उच्छ्वास. तक्त्यात त्याचं फक्त "बसली" होतं.

गाईंच्या मानेत पट्टेही आहेत, जबड्याची आणि मानेची हालचाल मोजणारे. पट्टा रात्रंदिवस थकत नाही, पण तो म्हणतो ती रवंथ खरंच रवंथ आहे का, हे डोळ्यांनी पडताळावंच लागतं. म्हणून मचाण.

साडेनऊला तात्या येऊन म्हणाले, "नऊ नंबरची बघा. कळपातनं बाजूला उभी हाय, कान पाडल्यात." आमच्या नोंदवहीत एक रकाना "तात्या" या नावाचा आहे. ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, वेळेसह, त्यात लिहायचं. आमची मोजमापं नंतर. तापमापक लावला: ३९.७ अंश. नेहमी ३८.५च्या आसपास असतो. तिच्या कानामागे गोचीड सापडले, रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत पाठवली. पट्ट्यातल्या नोंदीत तिची रवंथ कमी झाल्याचं दुपारी दिसलं. तात्यांना ते आधी दिसलं होतं. तीस वर्षं रोज तीच जनावरं पाहणाऱ्या माणसाची नजर हे उपकरणच आहे. त्याची अचूकता तपासता येते, आणि तपासल्याने त्याचा मान कमी होत नाही.

१०.४५

प्रयोगशाळेत दोन कामं चालू आहेत.

एका टेबलावर काचेच्या मोठ्या पिचकाऱ्या ३९ अंशांच्या पाण्यात उभ्या आहेत, कारण कोटीपोटात तेवढंच तापमान असतं. प्रत्येकीत २०० मिलिग्रॅम दळलेला चारा, आणि वैरणीआधी गाईच्या तोंडातून नळी घालून काढलेला, मलमलीतून गाळलेला कोटीपोटातला रस. जंतू चारा आंबवतात, वायू तयार होतो, दट्ट्या वर सरकतो. तो किती सरकला त्यावरून चारा किती पचेल याचा अंदाज येतो. जर्मनीत होहेनहाइम विद्यापीठात १९७०च्या दशकात ही रीत बसवली गेली. तिच्यामुळे चाऱ्याचे पंचवीस प्रकार पंचवीस जनावरांना न खिलवता पारखता येतात. कालच्या पिचकाऱ्यांना आज चोवीस तास झाले. उसाच्या वाढ्यांचा दट्ट्या मक्याच्या मूरघासाच्या बराच खाली थांबलाय.

दुसऱ्या टेबलावर प्रथिनं. चारा कडक सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ने गुणायचं. ही रीत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली, बिअरच्या बार्लीतली प्रथिनं मोजण्यासाठी. तिची एक खोट शेतकऱ्याला माहीत असायला हवी. यंत्राला नायट्रोजन दिसतो, प्रथिन दिसत नाही. पेंडीत युरिया मिसळला तर आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन घातलं गेलं ते याच फटीतून. म्हणून पोत्यावरच्या टक्केवारीवर आम्ही थांबत नाही, युरियाची चाचणी वेगळी करतो. गाईच्या कोटीपोटातले जंतू थोडा युरिया वापरू शकतात, पण मालकाला न सांगता घातलेला युरिया जास्त झाला की जनावर तासाभरात आडवं होतं.

दुपारी १.१५

कोरडा ३९.५, ओला २३. निर्देशांक ८५.६.

पहाटे ३४ श्वास घेणारी गाय आत्ता मिनिटाला ८८ घेतेय. मान पुढे ताणलेली, तोंड किंचित उघडं, ओठातून लाळेची तार लोंबतेय. ती लाळ वाया जाणं वाईट. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. तिच्यात सोडा असतो आणि तो कोटीपोटातला आंबटपणा आवरून धरतो. उन्हात लाळ बाहेर गळते, रवंथ कमी होते, गाय कडबा टाळून फक्त खुराक मागते, आणि मग पोट आंबट होतं. उन्हाळ्यात दुधाची फॅट का उतरली म्हणून डेअरीत वाद होतात, त्याची मुळं बऱ्याचदा इथे असतात.

बहुतेक गाई या वेळी उभ्या आहेत. उभं राहिलं की अंगाला चहूकडून वारा लागतो. पण एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं, आणि गाय बसते तेव्हा कासेकडे रक्त जास्त जातं. शिवाय दिवसभर उभं राहून खूर दुखायला लागतात, ते पावसाळ्यात लंगडण्यातून दिसतं. ऊन आज लागतं आणि जनावर दोन महिन्यांनी लंगडतं.

अंगणात दोन जागा ठेवल्यात: चिंचेची सावली, आणि पंखे व फॉगर लावलेली शेड. कुठे जायचं ते गाईंनी ठरवायचं. सकाळी चिंचेखाली गर्दी असते. वारा पडला की त्या शेडमध्ये येतात. फॉगर आत्ता उपयोगी आहेत, कारण हवा कोरडी आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तेच फॉगर हवेतला दमटपणा वाढवतील आणि गाईचा श्वास आणखी चढेल. दरवर्षी गावोगाव मी फॉगर बंद करायला सांगत फिरते, आणि लोकांना वाटतं मॅडमना गाईंची दया नाही.

२.३०

एका विद्यार्थ्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. वासरांच्या शिंगकळ्या तापल्या लोखंडाने डागतात, तेव्हाच्या वेदनेवर दोन औषधांची तुलना. काम महत्त्वाचं आहे. पण त्याने तिसरा गट ठेवलाय: कोणतंच औषध न देता डागायची वासरं, "तुलनेसाठी".

त्याला समोर बसवून विचारलं, डागल्यावर वासराला दुखतं का हे आपल्याला माहीत नाही का? माहीत आहे. वासरू डोकं झटकतं, कान फडफडवतं, दूध सोडून देतं, रक्तातलं कॉर्टिसॉल चढतं. जगभर अनेकदा मोजून झालंय. मग ज्याचं उत्तर मिळालेलं आहे तो प्रश्न पुन्हा विचारायला वासरांना का भाजायचं? तुलना आजच्या उत्तम उपचाराशी करायची: लिग्नोकेनने शिंगाची नस बधिर करणं, आणि ती बधिरता काही तासांत उतरते म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम. डायक्लोफिनॅक नाही. मेलेल्या जनावरांच्या अंगातलं डायक्लोफिनॅक खाऊन आपल्याकडची गिधाडं गेली, आणि २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

प्रस्ताव संस्थेच्या प्राणी आचारसमितीपुढे जाईल, आणि मोठी जनावरं असल्याने केंद्रीय समितीकडेही. १९६०च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली ती समिती येते. संस्थेच्या समितीत संशोधनाबाहेरचा एक सामाजिक सदस्य असावा लागतो, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड प्रश्न तोच विचारतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या मांडल्या: जनावराशिवाय काम होईल का, कमी जनावरांत होईल का, कमी त्रासात होईल का. प्रत्येक प्रस्तावाला त्या लागतात.

प्रयोगच नकोत असं मी म्हणणार नाही. तात्यांच्या आजोबांचे बैल बुळकांडीने एका आठवड्यात गेले होते. त्या रोगावर काम करणारी आपल्या देशातली संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली, मग मुक्तेश्वरला गेली. तिथे एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात शेळ्यांच्या अंगातून विषाणू पुन्हा पुन्हा नेऊन तो सौम्य केला आणि त्यातून लस निघाली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्या शेळ्यांशिवाय हे झालं नसतं. म्हणूनच जनावराला घालायचा प्रत्येक प्रश्न त्या मोलाचा हवा.

आणि प्रश्न जनावरालाच घालायचा, आपल्या मनाला नाही. ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या हालांवर फार मोठं काम केलं. त्या समितीला वाटलं, बारीक षटकोनी तारेची जाळी पायाला बोचत असेल, जाड तारेची असावी. १९७३ मध्ये ह्यूजेस आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांपुढे दोन्ही जमिनी ठेवल्या. कोंबड्यांनी बारीक तारेचीच जास्त निवडली. समितीची कळकळ खरी होती. कोंबडीच्या पायाला काय लागतं ते फक्त कोंबडीला माहीत होतं.

विद्यार्थ्याने तिसरा गट खोडला. वासरांची संख्या तिसऱ्या हिश्शाने उतरली.

४.३०

शेजारच्या तालुक्यातून एक तरुण आणि त्याची आई आलेत. आठ गाई, दावणीचा गोठा, मुलाला मुक्त संचार गोठा करायचाय. आईला पटत नाही. "मोकळ्या सोडल्या तर एकमेकींना मारतील की, बाई. एक खाईल, एक उपाशी."

त्यांची शंका योग्य आहे. पहिले काही दिवस ढकलाढकल होतेच. कोण मोठी, कोण धाकटी हे गाई ठरवून घेतात, आणि ते ठरलं की धाकटी नजर चुकवून बाजूला होते, भांडण लागतच नाही. पण त्यासाठी तिला बाजूला व्हायला जागा हवी, गव्हाणीला प्रत्येकीला दोन-अडीच फूट हवेत, आणि पाण्याची टाकी कोपऱ्यात नको, नाहीतर एक दांडगी गाय ती अडवून बसते. भारतीय मानकाप्रमाणे गाईला छताखाली साडेतीन आणि उघड्यावर सात चौरस मीटर. आठ गाईंना मिळून ८४ चौरस मीटर. "एका गुंठ्यात बसतंय," मुलगा म्हणाला. आईने विचारलं, "आणि शेण?" मी म्हटलं, मावशी, कोरडं होऊन पडतं, रोज दोन वेळा उचलायचं नाही. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. गोठ्यातलं शेण घरात कोण उचलतं, हे मला विचारावं लागलं नाही.

जाताना कळलं की सहा महिने मुख्य चारा वाढेच. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. व्यायलेली गाय मग उठत नाही. दुसरी वैरण मिसळा, चुन्याची निवळी द्या, खनिज मिश्रण रोज द्या, असं सांगून मिश्रणाचं प्रमाण लिहून दिलं.

६.४५

सूर्य मावळतीला टेकला. दुसऱ्या गटाची मोठी वैरण टाकली. निर्देशांक अजून ७८.

रात्री ८.१०

तात्यांचा फोन. अकरा नंबरच्या शेपटीच्या बुडाशी सकाळपासून खड्डे पडले होते. आता पाण्याची पिशवी दिसतेय. मी पोचेपर्यंत दोन खूर बाहेर, तळवे खाली, म्हणजे वासरू सरळ आहे. हात घालायचा नाही, थांबायचं. पंचवीस मिनिटांत कालवड झाली. नाक-तोंड पुसलं, गाईपुढे ठेवली, नाळेला आयोडीन. वजन ३१ किलो.

नव्या गड्याने कालवडीला कासेकडून ओढून बाजूला घेतलं. "वार पडल्याबिगर पाजायचं नसतंय." त्याच्या घरी असंच चालत आलंय, आणि खेडोपाडी किती वासरं यात जातात! माणसाच्या बाळाला आईच्या पोटात नाळेतून रोगप्रतिकाराची शक्ती मिळते, वासराला ती मिळत नाही. गाईच्या वारेची रचनाच तशी आहे. ते कोरडं जन्मतं. त्याची शिदोरी सगळी चिकात असते, आणि आतड्याची ती शिदोरी तशीच्या तशी रक्तात घेण्याची ताकद तासागणिक कमी होते. चोवीस तासांनी ते दार जवळजवळ बंद. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढे तास बुडाले. उलट वासरू सडाला लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आवळतं आणि वार सुटायला मदतच होते. हे मी त्याला तिथेच बसून सांगितलं, आणि तात्यांनी त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितलं. त्याला पटलं ते तात्यांचं.

चिकाचा एक थेंब ब्रिक्सच्या काचेवर ठेवला. २२च्या वर असला की चांगला, हा २५. जन्मानंतर पन्नासाव्या मिनिटाला कालवडीने बाटलीतून तीन लिटर, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक घेतला, अर्धा एका दमात, अर्धा कुरकुरत.

फळ्यावर रात्रपाळीसाठी लिहिलं: सकाळी आठला दोन लिटर चीक पुन्हा. वार सकाळपर्यंत पडली नाही तर मला फोन, कोणी हाताने ओढायची नाही. नऊ नंबरचा ताप दर चार तासांनी. परवा कालवडीच्या मानेतून रक्ताचा नमुना. रक्तजलातली प्रथिनं डेसिलिटरला ५.२ ग्रॅमच्या वर हवीत, म्हणजे चीक रक्तात उतरला. नव्या गड्याने फळा वाचला आणि विचारलं, ५.२च्या खाली आलं तर काय करायचं. त्याला परवा नमुना घेताना सोबत यायला सांगितलं.